स्नायूंचा जीर्णोद्धार आणि जनुकांची शिस्त

(बालाघाट येथे मराठी कुटुंबांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजचा विषय स्मरणिकेच्या नेहमीच्या विषयांहून थोडा निराळा आहे. देवस्थानाचा इतिहास, घराण्यांच्या शाखा, उत्सवांची परंपरा यांवर अधिकारवाणीने बोलणारी मंडळी आपल्यात आहेत. मला सांगावयाचे आहे ते आपल्या शरीरात अहोरात्र चालणाऱ्या एका जीर्णोद्धाराविषयी. स्नायू झिजतो, दुखावतो, फाटतो आणि पुन्हा उभा राहतो. हे काम कोण करते, त्याला आज्ञा कोठून मिळते, ते केव्हा थांबवावयाचे हे कोण ठरविते, आणि काही दुर्दैवी घरांत ते काम अर्ध्यावर का बंद पडते, एवढ्या चार प्रश्नांचा आपण विचार करू.

विषय शास्त्रीय असला तरी तो आपल्याला परका नाही. बालाघाट जिल्हा हा अंगमेहनतीवर उभा असलेला जिल्हा आहे. येथल्या चिन्नोर तांदळाला २०२१ साली भौगोलिक मानांकन मिळाले. तो तांदूळ पिकविण्यासाठी गुडघाभर चिखलात वाकून रोवणी करणाऱ्या बाया, भरवेलीच्या मँगनीज खाणीत जमिनीच्या पोटात उतरणारे कामगार, मलाजखंडच्या तांब्याच्या खाणीवर राबणारे हात, या सर्वांचे खरे भांडवल म्हणजे त्यांचे स्नायू होत. हे भांडवल रोज खर्ची पडते आणि रोज भरून निघते. ते भरून कसे निघते, याचा उलगडा मात्र गेल्या साठ-पासष्ट वर्षांतच झाला आहे.

आपल्या वजनाचा सुमारे ४० टक्के भाग हाडांना जोडलेल्या स्नायूंचा असतो. स्नायू म्हणजे लांबट तंतूंच्या जुड्या. शरीरातील बहुतेक पेशींत एकच केंद्रक असते. स्नायूच्या एका तंतूत मात्र ती शेकड्यांनी असतात, कारण अनेक लहान पेशी एकमेकींत विलीन होऊन तो एक तंतू घडलेला असतो. आकुंचनाच्या कामात हा तंतू निष्णात. परंतु एकदा घडल्यानंतर त्याच्या केंद्रकांचे विभाजन होत नाही. आपल्यासारखा दुसरा तंतू तो निर्माण करू शकत नाही. मग तुटलेल्या तंतूची जागा भरते कोण?

या प्रश्नाच्या उत्तराचा धागा १९६१ साली अमेरिकेत अलेक्झांडर मॉरो यांच्या हाती लागला. बेडकाच्या स्नायूचे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली निरीक्षण करीत असता, तंतू आणि त्याचे बाहेरचे वेष्टन यांच्यामधील चिंचोळ्या जागेत दबून बसलेल्या चिमुकल्या पेशी त्यांना आढळल्या. तंतूच्या कडेला चिकटून राहतात म्हणून त्यांना सॅटेलाइट सेल हे नाव पडले. आपण त्यांना उपग्रह पेशी म्हणू. प्रौढ स्नायूतील केंद्रकांपैकी जेमतेम २ ते ७ टक्के केंद्रके या पेशींची असतात. निरोगी, विश्रांत स्नायूत त्या निद्रिस्त असतात. त्या वाढत नाहीत, विभागत नाहीत, जवळजवळ काहीच करीत नाहीत. तंतूला इजा झाली की त्या जाग्या होतात, भराभर विभागतात, त्यांच्या बहुसंख्य संततीचे स्नायूत रूपांतर होते, आणि थोडी संतती पुन्हा वेष्टनाखाली जाऊन निजते.

यातील शेवटचे वाक्य सर्वांत महत्त्वाचे आहे. देवस्थानाचा कारभार ज्यांनी पाहिला आहे त्यांना कायम निधी म्हणजे काय हे सांगावयास नको. दिवाबत्ती, नैवेद्य, दुरुस्ती ही सारी व्याजातून भागवावयाची. मुद्दलाला हात लावावयाचा नाही. एखाद्या वर्षी मोठा खर्च निघाला आणि मुद्दल मोडावे लागले, तरी ते पुन्हा भरून ठेवावयाचे. उपग्रह पेशी हे स्नायूचे मुद्दल आहे. दर दुरुस्तीनंतर काही पेशी निद्रेकडे परततात म्हणूनच पुढच्या दुरुस्तीची सोय होते. सगळ्याच जर उत्साहाने कामाला लागल्या, तर आजची भिंत उत्तम उभी राहील. परंतु दहा वर्षांनी पडणाऱ्या भिंतीसाठी कोणी उरणार नाही.

आता दुसरा प्रश्न. जागे व्हा, विभागा, स्नायू बना, पुन्हा निजा, या आज्ञा येतात कोठून? येथे जनुकांचे नियमन सुरू होते.

माणसाच्या प्रत्येक केंद्रकात सुमारे दोन मीटर लांबीचा डीएनएचा धागा असतो आणि त्यावर प्रथिने घडविणारी सुमारे वीस हजार जनुके लिहिलेली असतात. डोळ्याच्या पेशीत तोच ग्रंथ, यकृताच्या पेशीत तोच ग्रंथ आणि स्नायूच्या पेशीतही तोच. मग पेशी पेशीत फरक का? कोणते पान उघडे आणि कोणते बंद, यात तो फरक आहे. पुण्याच्या पेशवे दप्तरातील कागद रुमालांत बांधून ठेवलेले आहेत, हे आपल्याला ठाऊक आहे. रुमाल दप्तरात आहे म्हणून तो वाचला जातो असे नाही; गाठ सुटावी लागते. केंद्रकातही डीएनएचा धागा हिस्टोन नावाच्या प्रथिनांच्या रिळांवर गुंडाळलेला असतो. रिळांवर लहान रासायनिक खुणा चढविल्या वा उतरविल्या जातात आणि त्यांच्या अनुरोधाने गुंडाळी सैल वा घट्ट होते. सैल झालेल्या भागातील जनुकाची नक्कल निघते. त्या नकलेला आरएनए म्हणतात, आणि तिच्यावरून प्रथिन तयार होते. कोणत्या रुमालाची गाठ केव्हा सोडावयाची हे ठरविणारे कारकून म्हणजे नियामक प्रथिने.

स्नायूच्या बाबतीत यातला पहिला मोठा कारकून १९८७ साली सापडला. अमेरिकेतील सिअॅटल येथे हॅरल्ड वाइन्ट्रॉब, अँड्र्यू लासर आणि रॉबर्ट डेव्हिस यांनी उंदराच्या संयोजी ऊतीच्या पेशींत, म्हणजे ज्यांचा स्नायूशी काही संबंध नाही अशा पेशींत, एकच जनुक चालू केले, आणि त्या पेशी स्नायूच्या पेशी बनल्या. त्या जनुकाचे नाव मायो-डी. एका प्रथिनाने पेशीचे कुळ बदलावे, ही त्या काळी थक्क करणारी गोष्ट होती. पुढे त्याची भावंडे सापडली: मायफ-५, मायोजेनिन आणि एमआरएफ-४. इ. स. २००० मध्ये कॅनडातील मायकेल रुडनिकी यांच्या प्रयोगशाळेने दाखविले की उपग्रह पेशींचे अस्तित्वच पॅक्स-७ नावाच्या जनुकावर अवलंबून आहे.

आता ही साखळी क्रमाने पाहा. निद्रिस्त उपग्रह पेशीत पॅक्स-७ चालू असते. इजा झाली की मायफ-५ आणि मायो-डी कामाला लागतात आणि पेशी विभागू लागते. त्यानंतर मायोजेनिनची पाळी. ते आले की विभाजन थांबते आणि अॅक्टिन, मायोसिन ही आकुंचनाची प्रथिने तयार होऊ लागतात. मग मायोमेकर नावाच्या प्रथिनाच्या साह्याने पेशी एकमेकींत विलीन होतात आणि नवा तंतू घडतो. हे मायोमेकर २०१३ साली ओळखले गेले. पाया, भिंत, छप्पर आणि मग कळस, हा जीर्णोद्धाराचा क्रम उलटा करता येत नाही. येथेही तसेच आहे. मायोजेनिन वेळेआधी आले तर पेशी पुरेशा विभागण्यापूर्वीच स्नायू बनून बसतील. उशिरा आले तर नुसती गर्दी होईल, तंतू घडणार नाही.

या साखळीपेक्षाही विलक्षण गोष्ट आहे ती निद्रेची. निजलेली पेशी म्हणजे बंद पडलेली पेशी, असे पूर्वी मानले जाई. ते खरे नाही. निद्रा राखावी लागते. २०१२ साली फ्रान्समधील संशोधकांनी दाखविले की निद्रिस्त उपग्रह पेशीत मायफ-५ची आरएनए नक्कल आधीच तयार असते. परंतु एका सूक्ष्म आरएनएच्या पहाऱ्याखाली ती जणू लाखोट्यात बंद करून ठेवलेली असते. आज्ञापत्र लिहून तयार आहे, फक्त मोहोर फोडावयाची आहे! त्यामुळेच इजा होताच काही तासांत पेशीची हालचाल सुरू होऊ शकते.

या निद्रेच्या अभ्यासात आपल्या देशाचा वाटा मोलाचा आहे. हैदराबाद येथील सेंटर फॉर सेल्युलर अँड मॉलिक्युलर बायॉलॉजी या संस्थेत ज्योत्स्ना धवन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक वर्षे याच प्रश्नाचा पाठपुरावा केला. २०१५ साली त्यांच्या गटाने पीआरडीएम-२ या प्रथिनाविषयी एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. निद्रिस्त पेशीत हे प्रथिन ४,४०० हून अधिक जनुकांच्या उंबरठ्यांवर बसलेले आढळले. ते मायोजेनिनची गाठ घट्ट ठेवते, म्हणजे पेशी अकाली स्नायू बनत नाही. त्याच वेळी, विभाजनासाठी लागणाऱ्या सायक्लिन-ए या जनुकाची गाठ ते पूर्णपणे आवळूही देत नाही, म्हणजे जागे होण्याचा मार्ग खुला राहतो. हे प्रथिन काढून घेतले की दोन्हीकडून अनर्थ ओढवतो: स्नायू बनण्याची घाई सुरू होते आणि विभागण्याची शक्ती दडपली जाते. निद्रा ही अशी दोन्ही बाजूंनी सांभाळलेली तयारी असते.

हे सारे कळले कसे? येथे आपल्या धानाच्या बांधीचा संबंध येतो. पावसाळ्यात बांधाबांधांवर नाग, मण्यार, घोणस यांची भीती आपल्याला नवी नाही. प्रयोगशाळेत स्नायूची दुरुस्ती अभ्यासण्यासाठी नागाच्या विषातील कार्डिओटॉक्सिन हा घटक फार वापरला जातो. उंदराच्या पायाच्या स्नायूत तो टोचला की तेथले तंतू मरतात. परंतु तंतूंची वेष्टने, मज्जातंतू, रक्तवाहिन्या आणि निजलेल्या उपग्रह पेशी बहुतांशी शाबूत राहतात. पहिल्या एकदोन दिवसांत रक्तातील पांढऱ्या पेशी धावून येतात आणि मृत तंतूंचा राडारोडा उचलतात. दोनतीन दिवसांत उपग्रह पेशी विभागू लागतात. पाचव्या दिवसाच्या सुमारास बारीक नवे तंतू दिसू लागतात आणि तीन-चार आठवड्यांत स्नायू जवळजवळ पूर्ववत होतो. राडारोडा उचलणाऱ्या पेशींचेही जनुकनियमन बदलते. आरंभी त्या दाह वाढवितात आणि काही दिवसांनी त्याच पेशी दाह शमवून बांधणीला साह्य करतात. २०११ साली पॅरिस येथे रामकुमार संबाशिवन आणि सहकाऱ्यांनी उंदरांतील पॅक्स-७ असलेल्या पेशीच तेवढ्या नष्ट केल्या आणि मग स्नायूला इजा केली. नवा स्नायू आला नाही. उपग्रह पेशींना पर्याय नाही, हे त्यातून सिद्ध झाले.

घोणस, फुरसे यांसारख्या सापांचे विष लहान रक्तवाहिन्या आणि वेष्टनेही उद्ध्वस्त करू शकते. ज्या चौकटीत नवा तंतू बसावयाचा ती चौकटच मोडल्यावर दुरुस्ती अपुरी राहते आणि स्नायूऐवजी वण धरतो. म्हणून सर्पदंशानंतर दोरीने हातपाय करकचून आवळणे, जखम चिरणे, चोखणे हे प्रकार सर्वथा टाळावेत. आवळल्याने रक्तपुरवठा तुटतो आणि जो स्नायू वाचला असता तोही मरतो. दंश झालेला अवयव हलू न देता रुग्णाला शक्य तितक्या लवकर रुग्णालयात नेणे आणि आवश्यक तर प्रतिविष देणे, हाच मार्ग आहे.

आता चौथ्या, अधिक दुःखद प्रश्नाकडे वळतो. काही मुले तीन-चार वर्षांची होईपर्यंत चांगली चालतात. मग वारंवार पडू लागतात, जिना चढताना गुडघ्यावर हात टेकतात, जमिनीवरून उठताना स्वतःच्याच मांड्यांवर हात ठेवीत चढल्यासारखे उठतात. पोटऱ्या मात्र भरदार दिसतात, म्हणून घरचे निर्धास्त असतात. बाराव्या वर्षाच्या आसपास चाकांची खुर्ची येते, आणि पुढे हृदय व श्वसन यांवर परिणाम होतो. हा ड्यूशेन स्नायुक्षय. तो मुख्यत्वे मुलग्यांना होतो; साडेतीन ते पाच हजार मुलग्यांमागे एकाला, असे त्याचे प्रमाण सांगितले जाते.

या रोगाचे जनुक लुई कंकेल यांच्या गटाने १९८६-८७ मध्ये शोधून काढले, आणि त्यापासून घडणाऱ्या प्रथिनाला डिस्ट्रोफिन हे नाव मिळाले. माणसाच्या सर्वांत लांब जनुकांत त्याची गणना होते. त्याचे ७९ खंड आहेत. डिस्ट्रोफिन हे तंतूच्या आतला सांगाडा आणि बाहेरचे वेष्टन यांना जोडणारे बंधन आहे. ते नसले की प्रत्येक आकुंचनागणिक तंतूच्या आवरणाला चिरा पडतात. म्हणजे निरोगी मुलाचा स्नायू धावून-खेळून बळकट होतो, तर या मुलाचा स्नायू त्याच खेळाने फाटतो. दुरुस्ती होते, पुन्हा फाटतो, पुन्हा दुरुस्ती. मुद्दलावर सतत बोजा पडतो. शिवाय २०१५ साली रुडनिकी यांच्याच प्रयोगशाळेने आणखी एक गोष्ट पुढे आणली. डिस्ट्रोफिन उपग्रह पेशीलाही लागते. ते नसेल तर तिचे विभाजन नीट होत नाही आणि स्नायू बनणाऱ्या पेशी पुरेशा निपजत नाहीत. बोजा वाढलेला आणि दुरुस्तीची घडीच विस्कटलेली, असे दुहेरी संकट. शेवटी स्नायूच्या जागी चरबी आणि तंतुमय वण भरतो. भरदार पोटऱ्यांचे रहस्य बहुतांशी हेच.

उपाय काय? आजही उपचारांचा पाया स्टिरॉइड औषधे, नियमित हलका व्यायाम, हृदय व फुप्फुसांची वेळेवर तपासणी हाच आहे. स्टिरॉइडने रोग बरा होत नाही. परंतु चालण्याचा काळ वाढतो. याखेरीज जनुकनियमनाच्या ज्ञानातून निघालेले एक औषध आता आले आहे. रोगग्रस्त स्नायूत रुमालांच्या गाठी आवळणारी विकरे अतिरेकाने काम करतात आणि दुरुस्तीची जनुके दबतात, असे प्राण्यांवरील प्रयोगांत दिसून आले होते. अशा विकरांना आवरल्यास रोगी उंदरांचा स्नायू सुधारतो, हे इटलीतील संशोधकांनी २००६ साली प्रसिद्ध केले. त्याच वाटेने पुढे गेलेले गिव्हिनोस्टॅट हे औषध मार्च २०२४ मध्ये अमेरिकेत सहा वर्षांवरील ड्यूशेनच्या रुग्णांसाठी मंजूर झाले. तेही रोग निर्मूल करीत नाही. स्नायूची घसरण मंद करते, आणि रक्तातील बिंबाणू कमी होण्यासारख्या परिणामांसाठी तपासण्या कराव्या लागतात. प्रयोगशाळेतील एका मूलभूत प्रश्नापासून औषधाच्या बाटलीपर्यंत अठरा वर्षे लागली, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

घाईची उदाहरणेही आहेत. स्नायूची वाढ रोखणारे मायोस्टॅटिन हे प्रथिन १९९७ साली सापडले. त्याचा लगाम काढला तर रोगी स्नायूही वाढेल, या आशेने मोठ्या कंपन्यांनी औषधे केली. ड्यूशेनच्या मुलांवरील त्या चाचण्या २०१८-१९ मध्ये यश न मिळाल्याने थांबल्या. त्यापूर्वी १९९५ साली निरोगी दात्याच्या स्नायुपेशी वाढवून १२ मुलांच्या दंडात महिन्याला एकदा, अशा सहा महिने टोचून पाहिल्या. ताकद वाढली नाही. शरीराबाहेर वाढविलेल्या पेशी आपली निद्रेची सवय विसरतात आणि मुद्दल म्हणून टिकत नाहीत, हे पुढे उमगले. डिस्ट्रोफिनचे लहान रूप विषाणूच्या वाहनातून पोचविणारा जनुकोपचार अमेरिकेत २०२३ साली मंजूर झाला. परंतु तो घेतलेल्या, चालू न शकणाऱ्या दोन मुलांचा २०२५ मध्ये यकृत निकामी होऊन मृत्यू झाला.

हे इतक्या विस्ताराने सांगण्याचे कारण असे की आपल्या देशात स्टेम सेलच्या नावाखाली लाखो रुपये घेऊन स्नायुक्षय बरा करून देण्याची भाषा ऐकू येते. आईबाप शेत विकतात, दागिने मोडतात. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, रक्ताचे काही विकार व तत्सम ठराविक अवस्थांतील रक्तमूलपेशींचे रोपण वगळता, स्टेम सेलचा वापर मान्यताप्राप्त वैद्यकीय चाचणीतच करावयाचा असतो, आणि चाचणीत रुग्णाकडून उपचाराचे पैसे घ्यावयाचे नसतात. जो पैसे मागतो आणि चाचणीची नोंदणी दाखवीत नाही, त्याच्याकडे मूल नेऊ नये. ज्या शिस्तीचे वर्णन आतापर्यंत केले, ती शिस्त एखाद्या सुईने आठवडाभरात बसविता येणारी नाही.

आता महाजन कुटुंबांनी विशेष विचार करावा असा एक मुद्दा. आपण वंशावळी सांभाळणारी माणसे आहोत. देवस्थानाच्या नोंदवहीत, कुलवृत्तांतात, दहादहा पिढ्यांची नावे आपण अभिमानाने वाचतो. परंतु ती वंशावळ परंपरेने पुरुषवंशाची असते. सासरी गेलेल्या लेकींची शाखा तेथेच खुंटते. ड्यूशेनचे जनुक क्ष गुणसूत्रावर असते आणि ते आईकडून मुलाकडे येते. वाहक स्त्री स्वतः बहुधा निरोगी दिसते. तिच्या प्रत्येक मुलग्याला रोग होण्याची शक्यता निम्मी असते आणि प्रत्येक मुलगी वाहक असण्याची शक्यताही निम्मी. म्हणजे ज्या वंशावळीत हा रोग दिसावयास हवा ती आपण लिहिलेलीच नसते. मावशीचा मुलगा, मामा, आजीचा भाऊ यांपैकी कोणी लहानपणी पांगळा होऊन गेला का, हे घरातल्या वृद्ध स्त्रियांनाच ठाऊक असते. त्यांना विचारले पाहिजे.

त्याबरोबर हेही स्पष्ट सांगितले पाहिजे की यात आईचा काडीमात्र दोष नाही. सुमारे एकतृतीयांश रुग्णांत आई वाहकही नसते; बदल नव्यानेच घडलेला असतो. अशा घरात सुनेला बोल लावणे हे अज्ञान तर आहेच, शिवाय अन्यायही आहे. मुलाची जनुकीय तपासणी झाली की आई व मावश्या वाहक आहेत का हे कळू शकते आणि पुढच्या गर्भारपणात वेळीच सल्ला घेता येतो. २०२१ च्या राष्ट्रीय दुर्मीळ रोग धोरणात ड्यूशेनचा समावेश आहे. मुंबईचे केईएम रुग्णालय त्या धोरणाखालील उत्कृष्टता केंद्रांपैकी एक आहे.

दुसरा प्रकार असा की ज्यात आईवडील दोघेही वाहक असावे लागतात. तेव्हा दर अपत्यामागे रोगाची शक्यता एकचतुर्थांश असते. मुंबईचे मज्जातंतुतज्ज्ञ सतीश खाडिलकर, रश्ना दस्तूर, अमेरिकेतील माधुरी हेगडे आणि सहकाऱ्यांनी २०१३ साली अगरवाल समाजातील कॅल्पेन-३ या स्नायुजनुकातील समाईक बदलांवर शोधनिबंध प्रसिद्ध केला. एखाद्या दूरच्या पूर्वजातील बदल अनेक पिढ्या एकाच समाजात विवाह होत राहिल्याने आज एकमेकांना अनोळखी असलेल्या घरांत पोचतो, असा त्याचा अर्थ. यात त्या समाजाला कमीपणा मुळीच नाही. मर्यादित वर्तुळात लग्ने होणाऱ्या कोणत्याही समाजात असे बदल असू शकतात. आपण म्हणतो, गोत्र निराळे आहे, मग काळजी कसली? परंतु गोत्र हेही पित्याच्या वंशाने चालते. मामाच्या मुलीचे गोत्र निराळे असते, रक्त मात्र निराळे नसते. गोत्र जुळत नाही एवढ्यावर निश्चिंत न राहता, घराण्यात स्नायूंचा आजार असेल तर विवाहापूर्वी तपासणी करून घेणे शहाणपणाचे ठरेल.

ही कल्पना आपल्या भागाला नवी राहिलेली नाही. सिकलसेल रोगाच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम १ जुलै २०२३ रोजी आपल्याच राज्यात शहडोल येथे सुरू झाली, आणि तपासणी होऊन वाहकांना कार्ड देण्याची पद्धत आली. खेड्यापाड्यांतील आदिवासी बांधव जर ही तपासणी स्वीकारतात, तर शिकल्यासवरल्या कुटुंबांनी लाजण्याचे कारण नाही.

शेवटी ज्यांना कोणताही रोग नाही अशा आपल्या वडीलधाऱ्यांविषयी. वयाबरोबर उपग्रह पेशींची संख्या आणि तत्परता दोन्ही घटतात. तरीही त्या अगदीच थकलेल्या नसतात. २००५ साली अमेरिकेत वृद्ध व तरुण उंदरांचे रक्ताभिसरण जोडून पाहिले असता वृद्ध उंदरांच्या उपग्रह पेशी पुन्हा जोमाने काम करू लागल्या. पेशी जुनी असली तरी तिला मिळणाऱ्या सूचना महत्त्वाच्या असतात, हा त्यातला बोध. यावरून रक्त बदलण्याच्या नादी लागण्याचे कारण नाही. सर्वांत स्वस्त आणि हमखास सूचना म्हणजे हालचाल. ती थांबली की स्नायूत निराळीच जनुके चालू होतात. अॅट्रोजिन आणि मर्फ-१ या नावांनी २००१ साली ओळखली गेलेली ही जनुके तंतूतील प्रथिने मोडीत काढू लागतात. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात निरोगी वृद्ध माणसे केवळ दहा दिवस अंथरुणावर राहिली, तेवढ्यात त्यांच्या पायांतील सुमारे एक किलो स्नायू घटला.

आपल्याकडे प्रेमापोटी उलटे घडते. आजोबा तापातून उठले की, ‘तुम्ही आता पडून राहा, आम्ही आहोत ना,’ असे आपण म्हणतो. डॉक्टरांनी मनाई केली नसेल तर त्यांना लवकरात लवकर उठवून बसवावे, हाताला धरून चालवावे, खुर्चीवरून पाचदहा वेळा उठबस करवावी, आणि जेवणात डाळ, दूध, चालत असेल त्यांना अंडी-मासळी यांचा भरणा असावा. म्हातारपणी पडणे आणि हाड मोडणे यांमागे पुष्कळदा आधी घटलेला स्नायूच असतो.

बंधुभगिनींनो, जुन्या मंदिराचा जीर्णोद्धार करताना आपल्या पूर्वजांनी जोते राखले, घाई केली नाही आणि निधी संपू दिला नाही. स्नायूच्या उपग्रह पेशींत जनुके हेच काम करीत असतात. त्यांची शिस्त समजून घेणाऱ्या शास्त्रज्ञांच्या हाती हळूहळू औषधे येत आहेत. तोवर आपल्या हाती जे आहे ते आपण करावे: आजारी मुलाचे निदान लपवू नये, त्याच्या आईला एकटे पाडू नये, मातृवंशाची माहिती लिहून ठेवावी आणि घरातल्या वृद्धांना चालते ठेवावे. या स्मरणिकेच्या पाठीमागे कोरी पाने असतील तर आज रात्री घरी गेल्यावर आजीला विचारून त्यावर तिच्या माहेरची नावे लिहावीत, अशी माझी नम्र सूचना आहे.